रानूबाईचं पानी

कडूबाईंच्या वस्तीवर राहणारी ती बाई कोण, असं खर्ड्यात कोणालाही विचारा. एक जण सांगेल कडूबाईंच्या श्रीमंतची बायको, दुसरा सांगेल म्हातारीची मानलेली लेक, तिसरा सांगेल लढाईत सापडलेली बंगालीण. तिघांपैकी खोटं कोणीच बोलत नसतं. मी पुण्याच्या कॉन्व्हेंटात शिकले. रोजनिशी लिहायची सवय तिथल्या सिस्टरांनी लावली, ती अजून सुटलेली नाही. कोण आलं, कोण गेलं, कोणाचं कोण लागतं, हे जिथल्या तिथे लिहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. रानूबाईबद्दल मात्र मी एक लिहावं, खोडावं, दुसरं लिहावं, तेही खोडावं, असंच चाललं आहे. आज जेवढं कळलं आहे तेवढं एका जागी मांडून बघते.

बांगलादेशची लढाई संपल्यानंतरचा उन्हाळा. होळी नुकतीच झाली होती. एस.टी. आमच्या घरासमोरच थांबते, म्हणून ती दोघं उतरताना मी पाहिली. पुढे श्रीमंत. हा कडूबाईंचा एकुलता एक मुलगा, लष्करात ट्रक चालवतो. त्याच्यामागून एक बाई. भर उन्हात अंगात पुरुषी स्वेटर आणि डोक्यावरचा पदर दोन्ही हातांनी धरलेला. पायरी उतरताना एक हात सुटला आणि पदर सरकला. केस कापलेले होते. कात्रीने कापल्यासारखे नव्हे. कुठे बोटभर, कुठे नुसतं कातडं.

कडूबाईंचा नवरा तरणाताठा असताना गेला. सोनईकडे ऊसतोडीला जाऊन त्यांनी हा मुलगा वाढवला. अंगाने काटकुळ्या, तोंडाने तिखट. त्या दिवशी दारात काय बोलणं झालं ते त्यांनीच मला नंतर सांगितलं.

"ही कोन रं?"

"आई, हिला ऱ्हाऊ दे थोडं दिस."

"लगीन केलंस?"

"न्हाई."

"मग पळवून आनलीस?"

"न्हाई गं. गाडीतनं उतरलीच न्हाई."

तो खरंच बोलत होता. पाकिस्तानी फौजेने नऊ महिने तो मुलूख दाबून धरला होता. ती फौज शरण आल्यावर श्रीमंतची गाडी माणसं पोहोचवायच्या कामाला लागली. पळून गेलेली कुटुंबं आणि फौजेच्या बराकींतून सुटलेल्या बायका, सगळ्यांना आपापल्या गावी सोडायचं. वाटेत दोन-तीन ठिकाणी माणसं चढली. गाव आलं की उतरत. शेवटच्या गावाला सगळी उतरली, ही कोपऱ्यात बसून राहिली. गाव विचारलं तर नुसती मान हलवायची. ती नेमकी कुठे चढली हे श्रीमंतने पाहिलेलं नव्हतं. तिला निर्वासितांच्या छावणीत सोडलं, तर तिथूनही येऊन त्याच्याच गाडीत बसली. शेवटी रजा लागल्यावर तो तिला घेऊन घरी आला. यात कायद्याचं काय झालं हे मला समजलेलं नाही. त्याला तरी समजलं होतं का, शंका आहे. रजा संपली आणि तो गेला. ही राहिली.

कडूबाईंनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून सांगितलं, "कडू." मग तिच्याकडे बोट केलं. ती म्हणाली, "रानू."

कडूबाईंना केवढा आनंद झाला! सगळ्या आळीत सांगत सुटल्या, "नाव आपलंच हाय की. आदितवारच्या कहानीतली रानूबाई!" कहाणीतली राणूबाई आणि ही रानू यांत एका अक्षराचा फरक आहे, हे मी बोलून दाखवलं नाही. खर्ड्यात तो फरक कोणाच्या जिभेवर नाहीच.

थोड्या दिवसांनी त्या तिला माझ्याकडे घेऊन आल्या. आमचे हे इथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते, त्यामुळे ते गेल्यावरही मी गावाची डॉक्टरीणबाईच आहे.

"डॉक्टरीणबाई, तुमी विंग्रजी शिकलेल्या. हिची भाषा बगा बरं जरा. मला तर पारव्यागत वाटती."

मी इंग्रजीत विचारून पाहिलं. ती नुसती माझ्या ओठांकडे बघत राहिली. मग मी हिंदीत विचारलं, "आपका गाँव कौनसा?" त्यासरशी ती उठली, भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि पदराचा बोळा तोंडात धरला.

"काय म्हनालात ओ तिला?"

"गाव विचारलं फक्त."

"मग नका इचारू गाव."

बराकीतले शिपाई उर्दू बोलत असणार आणि तिच्या कानाला माझी हिंदी तशीच लागली असणार, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा त्या दोघी वस्तीवर पोहोचल्याही असतील. पुढे शाळेतले गुरुजी, कंडक्टर, बाजारातला बोहरी, ज्याने त्याने तिच्याशी हिंदीच बोलून पाहिली. बंगाली माणसाशी हिंदी बोलायची असते, असं आमच्याकडे सगळ्यांनाच वाटतं. दर वेळी ती भिंत शोधायची. कडूबाईंची बोली तेवढी तिला चालायची. त्यामुळे ती जी मराठी शिकली ती सगळी कडूबाईंची. शिव्यासुद्धा.

बायकांनी आपापल्या परीने तपास चालवला होता. लंकाबाई म्हणजे कडूबाईंची चुलत जाऊ. ती म्हणाली, "केस न्हाईत, बांगड्या न्हाईत, म्हंजी रांडव हाय." कोणी म्हणे, तुळशीपुढे दिवा लावला की हात जोडते, तेव्हा आपल्यातलीच. कोणी म्हणे, मशिदीतली बांग झाली की पदर पुढे ओढते, तेव्हा त्यांच्यातली. पदर तर ती एस.टी.चा हॉर्न ऐकूनही ओढायची. मुलाण्याची म्हातारी मुद्दाम येऊन बघून गेली. म्हणाली, "आमच्यातली न्हाई वाटत." दोन पावलं जाऊन पुन्हा वळली आणि म्हणाली, "तुमच्यातलीबी न्हाई."

हे सगळं गमतीवारी गेलं असतं, पण त्या वर्षी पाऊस झालाच नाही. आषाढ कोरडा, श्रावण कोरडा. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी आली. तिच्या भाकरी थापताना रानूबाई आणि कडूबाई सारख्याच वैतागायच्या. खडी फोडायलाही दोघी बरोबर जायच्या. विहिरी एकामागून एक आटल्या आणि त्या बाजूला पाणी राहिलं ते फक्त भावकीच्या थोरल्या विहिरीत. माझ्या घरची घागरही तिथूनच यायची.

भावकीत थोरले आप्पासाहेब. कडूबाईंचे चुलत दीर. माणूस वाईट नव्हे. आमच्या यांच्या शेवटच्या आजारपणात पाटोद्यापर्यंत बैलगाडी जुंपून त्यांनीच मदत केली होती. ते एक दिवस कडूबाईंच्या ओट्यावर येऊन बसले. मीही तिथेच होते.

"वैनी, गावात मुलानी हायत, तांबोळी हायत. त्यांचं आपलं काय वाकडं न्हाई. पर तुमी हिला चुलीपाशी घेतली. माझ्या पोरींच्या सोयरिकी जमायच्यात. लोक इचारनार, तुमच्या हिरीवर कोन पानी भरतंय?"

"मानूस भरतंय."

"मानूस हाय, पर कुनाचं?"

"भावजी, तुमी दोन वर्सं पुन्याला हुता, तवा तुमी कुनाचं म्हनून कुनी इचारलं का?"

"मी गडी हाय."

"त्ये दिसतंय."

आप्पासाहेब रागावले नाहीत. येत्या बाजाराच्या दिवसापर्यंत काय ते ठरवा, असं म्हणाले. ही हिंदू आहे असं कोणीतरी खात्रीने सांगावं. नाहीतर कडूबाईंचा दोर विहिरीवरून काढावा लागेल. त्याचा अर्थ सरळ होता. पाण्याशिवाय वस्ती राहत नाही. कडूबाईंना रानूबाईला घालवावं लागलं असतं, आणि घालवायचं कुठे, याला उत्तर नव्हतं. श्रीमंत कुठल्या तरी लांबच्या ठाण्यावर, दिवाळीशिवाय रजा नाही. माझ्याकडे ठेवा म्हणावं, तर माझं पाणीही त्याच विहिरीचं.

"तुमीच इचारा तिला," कडूबाई मला म्हणाल्या. "म्या इचारलं तर तिला वाटंल, म्हातारी हाकलाया निघाली."

मग एका दुपारी आम्ही दोघी मिलो निवडत बसलो होतो तेव्हा मी विचारलं. हिंदीत नाही. जमेल तितकं कडूबाईंसारखं बोलून, "रानू, तुजं घर कसं हुतं गं?"

तिने सुपातले दोन-चार खडे वेचून टाकले. मग बोलली. तिची मराठी मोडकी होती, पण थांबली नाही.

घर नदीच्या काठी होतं. बाप नावा बांधायचा. फौज आली तेव्हा सगळे दुसऱ्या काठाला जायला निघाले. घाटावर शिपाई उभे होते. त्यांच्यातल्या एकाच्या हातात लोटा होता. तो एकेकाच्या तोंडासमोर धरून विचारायचा, हे काय? रानूच्या पुढे तिची काकी होती. काकी म्हणाली, जल. तिला बाजूला घेतलं. मग रानूची पाळी आली.

"तू काय म्हणालीस?"

"पानी."

"मग?"

"मग मनाले, देवाचं नाव घे. त्येंच्या भाषेत. घेतलं."

"तुला येत होतं?"

"तवा सगल्यान्ला येत हुतं." तिने सूप झटकलं. "पानी मनलं, देवाचं नाव घेतलं, तरी नेलं. बाया सगल्या एकाच खोलीत. जलवाली बी, पानीवाली बी."

केसांचं तिने एवढंच सांगितलं की, बायका केसांनी गळफास घ्यायच्या, म्हणून शिपायांनी सगळ्यांचे कापले. एका बाईने मग शिपायाचा स्वेटर उसवून त्याची दोरी वळायला घेतली, तेव्हा रानूने तो तिच्या हातातून ओढून स्वतःच्या अंगात घातला. शेवटपर्यंत काढला नाही. ती बाई जगली का, हे मी विचारलं. रानूबाई म्हणाली, "ती माझ्यासंगं गाडीत हुती. तिचं गाव आलं, ती उतरली. तिच्या मानसानं तिला वलखलं न्हाई. मला उतरायचं धाडस न्हाई झालं."

मी घरी येऊन सगळं लिहून काढलं आणि तेव्हा लक्षात आलं की मला काहीच कळलेलं नाही. पुढे उभी असलेली बाई 'काकी' होती, असं ती म्हणाली. पण काकी हा शब्द तिला कडूबाईंनी शिकवलेला. तिच्या भाषेत तिने काय हाक मारली असेल, काकी की चाची? देवाचं नाव म्हणाली, पण कोणत्या देवाचं? तिच्या मराठीत देव एकच, कडूबाईंचा. घाटावर जल म्हणणारीला हिंदू धरत होते, एवढं उघड होतं; पण 'पानी' हा रानूचा घरचा शब्द होता, की तिथे जीव वाचवायला उचललेला? तिने सगळं खरं सांगितलं होतं, पण सांगताना ते सगळं खर्ड्याच्या बोलीत आलं होतं आणि ज्या खुणा मी शोधत होते त्या त्यातच बुजून गेल्या होत्या. पुन्हा विचारायचं माझ्याने होईना.

आप्पासाहेबांना मी जाऊन सांगितलं, "हिंदू असावी."

"असावी म्हंजी?"

"नसेलही."

"डॉक्टरीणबाई," ते हताश होऊन म्हणाले, "तुमी शिकलेल्या. तुमीच असं बोलाया लागलात तर आमी कुनाकडं बगायचं?"

त्यांनी गुरुजींकडे बघितलं. आसाराम गुरुजींचे मेव्हणे खरगपूरला रेल्वेत होते, त्यामुळे बंगालची माहिती गावात त्यांच्याइतकी कोणालाच नव्हती. बाजाराच्या दिवशी सकाळी विहिरीवर बायकांची रांग लागलेली असताना आप्पासाहेब त्यांना घेऊन आले. गुरुजींनी एका बाईकडून तांब्या मागून घेतला, भरला आणि काठावर उभे राहिले.

"भांडायचं कारण नाही. एकच प्रश्न. बंगालातला हिंदू याला जल म्हणतो आणि मुसलमान म्हणतो पानी. बस्स. या बाईने सांगावं, हे काय आहे."

मला घाटावरच्या लोट्याची गोष्ट आठवली. मी ती गोष्ट कडूबाईंनाही पुरती सांगितलेली नव्हती.

"आन आमी काय म्हनतो?" लंकाबाईने विचारलं.

"तुम्ही पाणी म्हणता."

"त्येच की. पानी."

"पानी नव्हे हो, पाणी. बाणाचा ण."

"बानाचा न."

"नळाचा न वेगळा, लंकाबाई, बाणाचा ण वेगळा."

"नळ कुठं हाय गावात, गुर्जी? नळ आना की! मग ही हीर कशाला उपसावी आमी?"

बायका हसायला लागल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "माझंबी पानीच हाय गं, मला कंच्या आळीत धाडत्यात?" दुसरी म्हणाली, "सासूला म्हना जल, तांब्याच फेकून मारंल." गुरुजी घसा ताणून 'ण' म्हणून दाखवत होते आणि रांगेतल्या बायका त्यांच्यामागून मोठ्याने 'न' म्हणत होत्या.

"थांबा गं!" आप्पासाहेब ओरडले. "गुर्जी, नुसतं पानी म्हनलं म्हनून..."

"आप्पासाहेब, तुमचंही पानीच आहे."

"मग आता माझं काय करता?"

हशा अजून वाढला. त्यात एकटी रानूबाई नव्हती. गुरुजींनी तांब्या वर धरल्यापासून तिची नजर त्याच्यावरून हललेली नव्हती. ती एकेक पाऊल मागे सरकत होती आणि मागे विहीर होती. "गुरुजी, तांब्या खाली ठेवा," मी म्हणाले. त्या गोंधळात कोणाला ऐकू जाणार? बायकांच्या हसण्याने गुरुजी खजील झाले होते. त्यांना काहीतरी ठाम करून दाखवायचं होतं. ते दोन पावलं पुढे झाले, तांब्या तिच्या तोंडासमोर धरला आणि खणखणीत हिंदीत म्हणाले, "बोलो, यह क्या है?"

हसणं थांबलं. तिचा चेहरा पाहूनच थांबलं. लंकाबाई पुढे होऊन तिच्या आणि विहिरीच्या मध्ये उभी राहिली.

रानूबाईने या वेळी भिंत शोधली नाही. ती तिथेच उभी राहिली. 

"न्हाई सांगनार," ती म्हणाली.

"अगं, एकच शब्द..."

"म्या सांगितलं हुतं येकदा. आता न्हाई सांगनार. कुनाला बी न्हाई."

गुरुजींनी आप्पासाहेबांकडे पाहिलं. आप्पासाहेबांनी माझ्याकडे. मी कुठे पाहणार? कडूबाईंनी दोराचं टोक रानूबाईच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "वढ. मानसं खोळंबल्यात." रानूबाई ओढायला लागली. घाईघाईने ओढताना पोहरा काठाला आपटून निम्मा सांडला, आणि पाणी सांडलं म्हणून कडूबाईंनी तिला तिथेच चार शिव्या घातल्या. रोज घालायच्या तशाच.

आप्पासाहेबांनी गुरुजींच्या हातातला तांब्या काढून घेतला. दुष्काळात पाणी कोण टाकून देणार? त्यांनी ते जवळच्या घागरीत ओतलं. ती घागर रानूबाईची होती. त्यांनी ते पाहून केलं की न पाहता, हे मी तेव्हाही सांगू शकले नसते, आताही नाही. "श्रीमंत येऊ दे, मग बगू," म्हणाले आणि बाजाराला निघून गेले.

कडूबाईंचा दोर विहिरीवर राहिला. रानूबाईचं भरून होईपर्यंत काही बायका लांब बाभळीखाली थांबायच्या. लंकाबाई तिच्या पाठोपाठ घागर लावायची आणि वर म्हणायची, "सर गं बंगाले, किती येळ!"

दिवाळीला श्रीमंत आला. मी फराळाचा डबा घेऊन गेले तेव्हा तो जेवायला बसला होता. रानूबाई चुलीपुढे भाकरी भाजत होती. केस मानेपर्यंत आले होते.

"आप्पा भेटले," तो म्हणाला. "म्हनत्यात, लगीन करून टाक, म्हंजी मिटलं."

"तुला ठाव हाय का ती कुनाची?" कडूबाईंनी विचारलं.

"न्हाई. म्या इचारलंच न्हाई कंदी."

"मग करतोस लगीन?"

"ती हो म्हनली तर."

तेव्हा आम्ही तिघंही तिच्याकडे वळलो. ती कोणाची हे सगळ्या गावाने विचारलं होतं, मीही विचारलं होतं. तिला काय हवं हे विचारायची तोपर्यंत वेळच आली नव्हती.

रानूबाईने भाकरी उलटली. "लगीन न्हाई."

"मंग जानार हाईस?" कडूबाईंनी इतक्या हळू आवाजात काही विचारलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

"न्हाई जानार. हितंच ऱ्हानार."

"कोन म्हनून?" श्रीमंतने विचारलं. वाईट अर्थाने नव्हे. त्याला खरंच कळत नव्हतं.

रानूबाईने कडूबाईंकडे पाहिलं. कडूबाईंनी तव्याकडे पाहिलं. "करपली बघ," त्या म्हणाल्या. "आठ म्हैनं झालं, पर भाकरी काय जमंना हिला. कोन लगीन करतंय तुज्याशी."

"आई, मग म्या आप्पाला काय सांगू?"

"सांग, सुट्टी संपली. फुडल्या सुट्टीला बगू."

श्रीमंत घास हातात धरून एकदा आईकडे, एकदा रानूबाईकडे बघत राहिला. त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसायला लागल्या. कशाला हसतात ते त्याला कळलं नाही आणि मलाही नीटसं कळलं नाही. तो माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "डॉक्टरीणबाई, म्हंजी झालं काय?"

मी म्हटलं, "ती राहणार आहे, बाबा. एवढंच मला समजलं."